टॉपच्या सिंथमध्ये काय असायला हवं होतं? (झाडीपट्टीच्या स्टेजवरून)

ऑर्गनशेजारी

नमस्कार मंडळी. मी झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळात कीबोर्ड वाजवतो. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडई, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत आमचा हंगाम. वडसा, ब्रम्हपुरी, सिंदेवाही, आरमोरी, कधी पार गोंदियाकडे. रात्री दहा-साडेदहाला पडदा वर गेला की पहाटेपर्यंत उठायचं नाही.

मागच्या वर्षी धानाचे पैसे आले, वर थोडं कर्ज काढलं आणि एका मोठ्या कंपनीचा सगळ्यात वरचा सिंथ, म्हणजे सिंथेसायझर कीबोर्ड, घेतला. तीन लाखांच्या वर गेले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे दुखणं एकाच कंपनीचं नाही असं मला वाटतं. आवाजाबद्दल काही म्हणणं नाही. स्ट्रिंग्ज (व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज) धरल्या की मागे बसलेल्या पोरांची कुजबुजसुद्धा थांबते. इतका सुंदर आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताखाली ऐकला.

पण जानेवारीतली एक रात्र सांगतो. तिसरा अंक. नायिकेच्या बापाचं प्रेत अंगणात, ती त्याच्या उशाशी बसून गातेय. सूर काळी चार, म्हणजे तिचा सा चौथ्या काळ्या पट्टीवर. मी खाली स्ट्रिंग्जवर सा-प धरलेला. जनरेटरनं एक उचकी दिली, दिवे गेले आणि लगेच परत आले. सगळं मिळून दीड सेकंद. माइक आले, ढोलकीवाल्याचा ऑक्टोपॅडही लगेच आला. माझ्या बोर्डवर कंपनीचं चिन्ह आलं आणि त्याच्याखाली एक रेघ हळूहळू भरायला लागली.

शेजारी आमचे ऑर्गन मास्तर, साठीच्या पुढचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाय भात्यावर चालूच होते. डावा हात तेवढा एक सप्तक खाली नेला आणि माझा षड्ज त्यांनी उचलून धरला. बाई गात राहिल्या. माझी रेघ भरून झाली तोवर दुसरा अंतरा संपत आला होता. आणि बोर्ड सुरू झाला तो पहिल्या नंबरच्या आवाजावर, म्हणजे पियानोवर, ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय) शून्य. मी हात मांडीवर ठेवून गाणं संपेपर्यंत बसून राहिलो.

त्या रात्रीपासून डोक्यात एकच गोष्ट आहे. दर तीन-चार वर्षांनी नवा बोर्ड येतो, आवाज वाढतात, इंजिनं वाढतात, स्क्रीन मोठा होतो. पण लाईट गेली तर तू कुठे होतास हे त्याला आठवत नाही. तुमचे अनुभव लिहा. नुसतं रडगाणं नको. काय बदलायला हवं ते नेमकं लिहू, म्हणजे कंपन्यांना पाठवता येईल.


सोल्डर_आणि_चहा

ऑर्गनशेजारी भाऊ, मी चंद्रपूर जिल्ह्यात अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर, कीबोर्ड दुरुस्त करतो. असे बोर्ड दर हंगामात टेबलावर येतात, म्हणून आतलं थोडं सांगतो.

वरचा सिंथ म्हणजे आतून संगणकच. २०११ साली आलेला कॉर्ग क्रोनॉस तर उघडउघड लिनक्सवर चालायचा, आत एसएसडी होती आणि तयार व्हायला दोन मिनिटांच्या आसपास घ्यायचा. याउलट १९८३ चा यामाहा डीएक्स-७ बटण दाबलं की तयार, कारण त्यात रेकॉर्ड केलेले आवाज लोड करायचेच नव्हते, सगळा आवाज एफएमच्या (एका लहरीनं दुसरी लहर हलवायच्या) गणितातून जागच्या जागी बनायचा. त्यामुळे आजचा बोर्ड सुरू व्हायला वेळ घेतो यात नवल नाही.

पण तुमची दुसरी तक्रार, की तो पहिल्या आवाजावर येऊन बसतो, तिला तांत्रिक सबब नाही. कोणता आवाज चालू होता, ट्रान्सपोज किती, स्लायडर कुठे, ही माहिती सगळी मिळून अगदी थोडी. लाईट गेल्यावरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये काही मिलिसेकंद जीव असतो. एसी गेल्याचं ओळखून तेवढ्यात ती माहिती फ्लॅशमध्ये लिहून टाकायची, किंवा दर आवाज-बदलाला लिहीत राहायचं. त्यासाठी लागणारा भाग तीन लाखांच्या मशीनमध्ये खर्चात मोजावा इतका महाग नाही. कोणी मागितलं नाही म्हणून झालं नाही, एवढंच.

तोवर एक करा. संगणकाचा साधा ६०० व्हीएचा यूपीएस घ्या आणि त्यावर फक्त बोर्ड लावा. लाईट, पंखा, चार्जर काही लावू नका. हे बोर्ड शंभर वॅटच्या आतच खातात, त्यामुळे बॅटरी नवी असेल तर जनरेटर परत चालू करायला भरपूर वेळ मिळतो.

आणि हे सगळ्यांनी वाचा. थ्री-फेज जनरेटरवर न्यूट्रल सैल झाला तर एखाद्या फेजवर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत चढू शकतं. तेव्हा यूपीएससुद्धा जळतो. मंडपात गेल्यावर बोर्ड लावायच्या आधी मल्टिमीटरनं प्लगमध्ये व्होल्टेज पाहा, आणि सगळे फोकस पेटवून पुन्हा एकदा पाहा. रिकाम्या लाईनवर २३० दाखवणारा प्लग फोकस पेटल्यावर काय दाखवतो ते महत्त्वाचं.


दुपारचं_ऊन

मी अकोल्याकडचा, वरातीत अन् मिरवणुकीत गाडीवर वाजवतो. लाईट जाण्याचा ताप आमाले नाही, जनरेटर आमच्याच गाडीवर असते. आमचा ताप उन्हाचा हाय. मे महिन्यात दुपारी तीनले वरात निघते. इकडं पारा ४५ च्या वर. एका मोठ्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मी स्वतः वाचलं का हे मशीन ५ ते ४० डिग्रीतच वापरा. म्हणजे आमच्या गावात मशीन मार्चमध्येच घरात ठेवा लागते!

अन् तो टचस्क्रीन. घरात लय भारी दिसते. उन्हात त्याच्यावर माहं तोंड दिसते, आवाजाचं नाव दिसत नाही. घामाचं बोट लावलं तर भलतीकडंच उघडते. मले आठ जाड बटणं द्या, आंधळ्यालेही कळतील अशी, दोघांच्या मधात बोटभर जागा ठेवा. डीएक्स-७ वर म्हणे ३२ बटणं अन् ३२ आवाज होते, एक बटण एक आवाज. चाळीस वर्षांत तेवढी अक्कल मागं कशी गेली ते मले समजत नाही.


ऑर्गनशेजारी

सोल्डर भाऊ, मनापासून आभार. यूपीएस उद्याच बघतो. न्यूट्रलचं मला खरंच माहीत नव्हतं.

दुपारचं_ऊन, तुमचं ऊन तसं आमचं दव. डिसेंबरात रात्री दोननंतर बोर्डवर हात फिरवला की बोटं ओली होतात. पट्ट्यांवर टॉवेल टाकून ठेवावा लागतो, आणि प्रवेश आला की टॉवेल काढायचा.

आणि किडे. धान कापणीच्या दिवसांत फोकसखाली हिरवे तुडतुडे इतके येतात की पांढऱ्या पट्ट्या हिरव्या दिसतात. फुंकर मारली की दोन पट्ट्यांमधल्या फटीत जातात. गेल्या महिन्यात मधल्या सप्तकातला पांढरा पाच असा बिघडला की हळू दाबला तरी बंदुकीसारखा फुटायचा. हळुवार आलापात एकच सूर ओरडून उठतो, आणि लोकांना वाटतं वाजवणाऱ्याचाच हात जड आहे. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला तर म्हणाले, बोर्ड आणून द्या, तीन आठवडे लागतील. ऐन हंगामात तीन आठवडे कुठून आणू?


सोल्डर_आणि_चहा

तो सूर का ओरडतो ते सांगतो. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या घुमटीत कार्बनचे दोन ठिपके असतात. पट्टी खाली जाताना आधी एक टेकतो, मग दुसरा. दोघांमध्ये किती वेळ गेला त्यावरून मशीन जोर ओळखतं, १ ते १२७ मध्ये. पहिल्या ठिपक्याखाली घाण बसली की तो नीट टेकत नाही किंवा उशिरा टेकतो. मग मशीनला वाटतं पट्टी क्षणात खाली गेली, म्हणून पूर्ण जोर. दोन्ही ठिपके मेले की सूरच वाजत नाही.

उपाय सोपा आहे. पट्ट्या काढायच्या, रबराची पट्टी उचलायची, आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर घेऊन ठिपके आणि खालचं सर्किट हलकेच पुसायचं, वाळू द्यायचं, परत बसवायचं. घासायचं नाही, कार्बन निघून येतो. वॉरंटीत असेल तर मात्र उघडू नका.

माझी मागणी याचीच आहे. वरच्या बोर्डांत खालच्या पत्र्याचे वीस-पंचवीस स्क्रू, वायरींचे रिबन आणि मुख्य सर्किट काढल्याशिवाय पट्ट्यांपर्यंत हात पोचत नाही. ऑर्गन मास्तरांचा ऑर्गन वरची फळी उचलली की सूरपट्टीपर्यंत उघडा. आणि पट्ट्यांच्या फटीखाली एक पातळ पडदा दिला तर किडा, धूळ, दव यातलं अर्धं तिथेच थांबेल.


तंबोऱ्याच्या_तारा

मी वर्ध्याला गाणं शिकवते. तुम्ही सगळे वीज आणि उन्हाबद्दल बोलताय, ते योग्यच आहे, पण मला सुराबद्दल बोलायचं आहे.

सिंथचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). तंबोऱ्याच्या खर्जात आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ वर आहे, म्हणजे १४ सेंट उतरलेला. कोमल गंधार ३०० च्या जागी ३१६. ज्याचा कान तयार आहे त्याला हा फरक टोचतो. पेटीवर हाच आक्षेप होता. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली त्यामागे हेही एक कारण होतं, आणि ती बंदी तीसेक वर्षं टिकली. पेटी बिचारी काही करू शकत नव्हती, तिच्या सूरपट्ट्या कानशीने घासलेल्या. सिंथला मात्र एक सेंट वर-खाली करायला काहीच कष्ट नाहीत. बऱ्याच बोर्डांत मायक्रोट्युनिंग किंवा स्केल ट्यूनची सोय असतेही. पण ती चार पानं आत, आणि नावं पाश्चात्त्य किंवा अरबी स्वरसप्तकांची. भूप, यमन, भैरव असे तयार तक्ते द्यायला काय हरकत आहे? आमचे सगळेच गायक एका श्रुतीवर एकमत होणार नाहीत, म्हणून तक्ता बदलून स्वतःच्या नावाने ठेवता यायला हवा.


ऑर्गनशेजारी

ताई, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. याच्याच पुढची अडचण सांगतो, हिच्यावर मी पंधरा दिवस घालवले.

मी भूपाचा तक्ता बनवला, गंधार १४ उतरवला. सा पांढरी एक असेल तर ऐकत राहावं असं वाजतं. पण आमच्या नायिकेचा सा काळी चार. मी ट्रान्सपोज करून बोटं पांढरी एकच्या हिशोबानेच चालवतो. माझ्या बोर्डवर तक्ता दाबलेल्या पट्टीला नाही, वाजणाऱ्या सुराला चिकटलेला आहे. त्यामुळे माझा गंधार न उतरता तसाच राहतो, आणि उतरतो तो पांढरी तीन, म्हणजे तिचा कोमल धैवत. तो खरं तर १४ चढा हवा, तो १४ उतरलेला मिळतो. भूपात कोमल धैवत नाही म्हणून निभावलं. पुढच्या प्रवेशात भैरवी होती, तिथे बाईंनी गाता गाता माझ्याकडे वळून पाहिलं.

म्हणून माझी दुसरी मागणी: 'सा कुठे आहे' हे विचारणारं एक बटण. ते दाबून पट्टी दाबायची, की सगळा तक्ता तिथे सरकला पाहिजे. प्रत्येक आवाजाबरोबर तो साठवलाही गेला पाहिजे.


लॅपटॉपवाला_नागपूर

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. हे बोर्ड स्टुडिओसाठी आणि मोठ्या स्टेजसाठी बनतात. तिथे वीज स्थिर असते, सोबत तंत्रज्ञ असतो. गावच्या मंडपात नेऊन मग तक्रार करण्यापेक्षा जुना लॅपटॉप आणि साधा मिडी कीबोर्ड (नुसत्या पट्ट्या, आवाज लॅपटॉपमधून) घ्या. लॅपटॉपला बॅटरी असते, लाईट गेली तरी चालू राहतो. श्रुती हव्या तशा लावता येतात. सगळं मिळून तुमच्या बोर्डच्या चौथ्या हिश्श्यात.


निळा_झेंडा

मी बुलढाणा जिल्ह्यात भीमगीतांच्या पार्टीत वाजवते. लॅपटॉपवाले दादा, मी दोन वर्षं लॅपटॉपवर वाजवलंय. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात ऐन मुखड्याला त्यावर अपडेटची खिडकी उघडली होती. यूएसबीची वायर कोणाचा पाय लागून निघाली तर सगळंच गप्प. स्टेजवर एकच वस्तू असावी, तिच्यात सगळं असावं, ही साधी इच्छा आहे, म्हणून लोक एवढे पैसे टाकतात. आणि मोठं स्टेज म्हणजे काय? आमच्यासमोर पाच-पाच हजार माणसं असतात.

माझं म्हणणं वजनाचं आहे. मी एसटीनं किंवा काळीपिवळीनं जाते. ६१ पट्ट्यांचा बोर्ड कसाबसा टपावर चढवता येतो. पण चांगल्या गोष्टी ८८ पट्ट्यांच्या मोठ्यालाच मिळतात. यामाहाचा माँटेज ८ एकोणतीस किलोचा आहे. २०२३ मध्ये माँटेज एम आला, त्यात प्रत्येक बोटाचा दाब वेगळा ओळखणारा पॉलिफोनिक आफ्टरटच फक्त ८८ पट्ट्यांच्या एम८एक्सला दिला. १९७० च्या दशकातल्या सीएस-८० मध्ये हीच सोय होती, ते यंत्र उचलायला किमान दोन माणसं लागायची. म्हणजे इतक्या वर्षांनीसुद्धा यामाहात ही गोष्ट हवी तर भार उचला! आपल्या गाण्यात ही सोय किती कामाची आहे बघा. खाली सा धरून ठेवायचा आणि वरच्या एकाच बोटाने दाब देऊन मींड घ्यायची, साला धक्का न लावता. पिचबेंडच्या चाकाने दोन्ही सूर एकदम सरकतात.

आणखी एक, छोटं वाटेल पण माझ्यासाठी मोठं आहे. आवाजाला नाव द्यायचं तर फक्त इंग्रजी अक्षरं. माझ्यासोबत वाजवणारा माझा लहान भाऊ सातवीत आहे, मी गाते तेव्हा आवाज तो बदलतो. त्याला इंग्रजीत काहीतरी अर्धवट लिहिलेलं वाचावं लागतं. एवढ्या मोठ्या रंगीत स्क्रीनवर 'मुखडा', 'कोरस', 'शेवट' असं देवनागरीत का लिहिता येऊ नये? पाचशे रुपयांचा फोनसुद्धा मराठी दाखवायचा.


दुपारचं_ऊन

ताई, हे देवनागरीचं एक नंबर बोलल्या. माह्या मशीनवर चिकटपट्टी लावून पेनानं नावं लिवून ठेवली हायेत. उन्हानं चिकटपट्टी सुटते, मंग सारीच नावं जातात.


लॅपटॉपवाला_नागपूर

निळा_झेंडा, पटलं. वायर निघण्याचा अनुभव मलाही आहे. पॉलिफोनिक आफ्टरटचचा असा उपयोग माझ्या लक्षात आला नव्हता. मग मागणीच करायची तर बोर्डला १२ किंवा १९ व्होल्टचा डीसी सॉकेट मागा. आत बॅटरी नको, ती फुगते. बाहेरून गाडीच्या किंवा लॅपटॉपच्या बॅटरीवर चालला की यूपीएसचंही ओझं नाही. आणि कंपन्या अजिबात ऐकत नाहीत असं नाही. माँटेज २०१६ ला आला तेव्हा त्यात पूर्ण सिक्वेन्सर (वाजवलेलं नोंदवून परत वाजवणारी सोय) नव्हता, लोकांनी सारखी ओरड केली आणि पुढे अपडेटमध्ये पॅटर्न सिक्वेन्सर आला. सॉफ्टवेअरच्या मागण्या वर ठेवा, त्या फुकटात पुऱ्या होऊ शकतात. हार्डवेअरच्या पुढच्या मॉडेलसाठी.


खंजिरी

जय गुरु. मी अमरावती जिल्ह्यातला, लहानपणापासून भजनात आहे. तुमचं बरंचसं मला समजत नाही, पण एक विचारतो. आमच्या मंडळातल्या पोरानं असाच भारी बोर्ड आणला. त्यात तबला आहे, सतार आहे, जपानचं, आफ्रिकेचं वाद्य आहे. मी म्हटलं, खंजिरी लाव. त्यानं जे लावलं ती खंजिरी नव्हती, विलायती टॅम्बोरिन होती, नुसत्या झांजा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ज्या वाद्यावर गावंच्या गावं जागी केली, त्याचा आवाज एवढ्या हजारो आवाजांत नसावा याचं वाईट वाटलं. खंजिरीत कातडं बोलतं. डाव्या हाताची बोटं आतून दाब देतात तसा घुमारा वर-खाली होतो. झांज त्याच्या मागून येते.


ऑर्गनशेजारी

काका, जय गुरु. हे तर आपणच करू शकतो. माझ्या बोर्डात यूएसबीवरून स्वतःचे वेव्ह (रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या फायली) घेता येतात. फक्त एकच ठोका घेऊन भागणार नाही. मोकळी थाप, दाबलेली थाप, घुमारा चढताना आणि उतरताना, काठावरचं बोट, प्रत्येक हळू, मध्यम आणि जोरात. प्रत्येकाचे तीन-चार वेगळे ठोके, म्हणजे लागोपाठ वाजवलं तर बंदुकीसारखं एकसारखं वाटणार नाही. घुमारा चाकावर लावता येईल असं वाटतं.

आणि यूपीएसचा हिशोब. काल घरी लावून पाहिला. बोर्ड चालू, स्ट्रिंग्जवर सा-प धरला, बायकोला सांगितलं भिंतीतून प्लग काढ. तिनं काढला. यूपीएस ओरडायला लागला, सूर हलला नाही. घड्याळ लावून बसलो. एकोणीस मिनिटांनी बंद पडला. परत लाईट लावली, बोर्ड पुन्हा पियानोवर, ट्रान्सपोज शून्य. म्हणजे मागणी नंबर एक कायम आहे.

यूपीएसचं ते ओरडणं मात्र शांत प्रवेशात चालणार नाही. सोल्डर भाऊ, आतला बझर काढता येतो का?


सोल्डर_आणि_चहा

येतो. काळी गोल डबी असते, दोन टाके. पण आधी बॅटरीची वायर काढा, प्लग काढून दहा मिनिटं थांबा, मगच हात घाला. वडशाला शो असेल तेव्हा घेऊन या, समोर काढून देतो.


निळा_झेंडा

मागण्यांचा कागद मी लिहायला घेते. आधी मराठीत लिहू, मग लॅपटॉपवाले दादा इंग्रजी करतील. चालू स्थिती लक्षात ठेवणं, सा सरकवणारा तक्ता, देवनागरी नावं, ही तीन वर. बटणं, डीसी सॉकेट, पट्ट्यांखालचा पडदा, हलक्या बोर्डला पॉलिफोनिक आफ्टरटच खाली. तंबोऱ्याच्या_तारा ताई, भूप आणि भैरवीचे सेंटचे आकडे तुमच्याकडून हवेत, बाराही स्वरांचे.


तंबोऱ्याच्या_तारा

रविवारी देते. भैरवीचा कोमल ऋषभ मी दोन पद्धतींनी लिहीन, गाऊन बघा आणि ठरवा.


खंजिरी

मी येतो वडशाला. दोन खंजिऱ्या आणतो, एक घोरपडीच्या कातड्याची होती ती आता वाजवत नाही, बकरीच्या कातड्याच्या दोन आहेत. दव पडायच्या आधी रेकॉर्ड करा, संध्याकाळी पाचच्या आत. ओल लागली की कातडं उतरतं, मग शेकत बसावं लागेल.